एकोणचाळीस अंकांची पितळी पाटी आणि दोन अंकांची अदलाबदल

पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी अनेक वर्षे गणित शिकवले. निवृत्तीनंतर शाळेच्या गणित कक्षाला काहीतरी टिकाऊ द्यावे, अशी इच्छा होती. कागदी तक्ते दोन पावसाळ्यांत फिकट होतात आणि त्यांचे कोपरे दुमडतात, म्हणून पितळी पाटी द्यायचे ठरवले. तिच्यावर सूत्र किंवा सुवचन न कोरता एकच संख्या कोरावी, असेही तेव्हाच ठरले. ती संख्या म्हणजे २ चा १२७ वा घात वजा १. बुधवार पेठेत, मंडईकडे जाणाऱ्या एका बोळातील नामफलकांच्या दुकानात मी ही पाटी करून घेतली. काम चालू असताना दुकानाकडून एक चूक झाली आणि ती त्यांनी निमूटपणे सुधारूनही दिली, म्हणून दुकानाचे नाव येथे लिहीत नाही. मात्र अंकांचे कोरीव काम कोठेही करून घेणाऱ्याला हा अनुभव उपयोगी पडेल, असे वाटते.

पाटीवर संख्या अशी दिसते:

१७० १४१ १८३ ४६०
४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३
७१५ ८८४ १०५ ७२७

हीच संख्या का, हे आधी सांगायला हवे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट करत जाण्याची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. दोन पट शेजारी ठेवून त्यांतले एक घर सोडले की १२७ घरे उरतात आणि त्या घरांतील सर्व दाण्यांची बेरीज नेमकी या पाटीवरच्या संख्येइतकी होते. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून लिहिली तर ती म्हणजे ओळीने १२७ वेळा १, मध्ये एकही शून्य नाही. आपल्याकडील रूढ संख्यानावे तिच्यापुढे तोकडी पडतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत दिलेल्या दशगुणोत्तर संज्ञा परार्धापाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी थांबतात. परार्धाला परार्धाने गुणले तरी जी संख्या येते, तिच्या सतरा हजार पटींहून ही संख्या मोठी आहे. ती वाचून दाखवायला मराठीत रूढ शब्द नाहीत, तरी ती तळहाताएवढ्या जागेत लिहिता येते. मुलांना स्थानिक किमतीचे सामर्थ्य समजावून देण्यासाठी मला याहून चांगले साधन माहीत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ही संख्या मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला पूर्ण भाग जात नाही. फ्रान्समधील मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये २ च्या कोणत्या घातांतून १ वजा केल्यास मूळ संख्या मिळते, याची एक यादी दिली होती. त्या यादीत १२७ होता. पुढे त्या यादीत चुका निघाल्या. त्यांनी दिलेले ६७ आणि २५७ हे घातांक चुकीचे ठरले, तर ६१, ८९ आणि १०७ हे बरोबर घातांक त्यांच्याकडून सुटले होते. १२७ मात्र खरा ठरला. १८७६ मध्ये एद्वार ल्यूका यांनी तो सिद्ध केला, आणि त्यानंतर पंचाहत्तर वर्षे, १९५१ पर्यंत, याहून मोठी मूळ संख्या जगात कोणालाही माहीत नव्हती. यंत्राचे साहाय्य न घेता, कागद आणि बुद्धी यांच्या बळावर मूळ असल्याचे सिद्ध झालेली सर्वांत मोठी संख्या म्हणून आजही हिचेच नाव घेतले जाते. आता संगणकाने मजल फार पुढे नेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ ही मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे आणि एका पानावर पाच हजार अंक छापले तरी तिला आठ हजारांहून अधिक पाने लागतील. ती पाटीवर मावणार नाही, आणि मावली असती तरी मी हीच निवडली असती, कारण हिच्यामागे एका माणसाच्या हाताची आकडेमोड आहे.

दुकान लहान आहे. पुढच्या बाजूला काउंटर, त्यामागे संगणकावर बसणारा एक तरुण आणि आतल्या खोलीत संगणकावर चालणारे कोरण्याचे यंत्र. पॉलिश आणि रंगाचे काम मालक स्वतः करतात. मी दिलेला कागद त्यांनी दोनदा वाचला आणि विचारले, "बाई, हा कोणाचा खाते क्रमांक आहे का?" मी सांगितले तेव्हा त्यांना खरोखर कुतूहल वाटले. त्यांचा पुढचा प्रश्न वर्गातल्या हुशार मुलाने विचारावा तसा होता: "पण हिला कशानेच भाग जात नाही, हे कोणी भागून भागून पाहिले?"

भागून पाहणे शक्यच नव्हते. वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या म्हटल्या, तरी ते वर्गमूळ वीस अंकी आहे. ल्यूका यांनी वेगळीच वाट शोधली आणि नंतर लेमर यांनी तिला आज वापरले जाणारे सुटसुटीत रूप दिले. मी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मालकांना ती वाट लहान संख्येवर करून दाखवली. १२७ हीसुद्धा याच कुळातली, २ चा ७ वा घात वजा १. सुरुवात ४ पासून करायची, वर्ग करून त्यातून २ वजा करायचे आणि १२७ ने भागून बाकी ठेवायची, आणि हेच पुन्हा करत राहायचे. ४ वरून १४ येतात. १४ वरून १९४, म्हणजे बाकी ६७. ६७ वरून ४४८७, बाकी ४२. ४२ वरून १७६२, बाकी १११. शेवटची पायरी मालकांनी स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर केली. १११ चा वर्ग १२३२१, त्यातून २ गेले की १२३१९, आणि हे नेमके १२७ गुणिले ९७ आहेत, बाकी शून्य. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे पाच पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली की संख्या मूळ. पाटीवरच्या संख्येसाठी अशा १२५ पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीला एकोणचाळीस अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग करावा लागतो. मालकांनी ते पान फाडून काचेखाली ठेवले. तिसऱ्या भेटीलाही ते तेथेच होते.

मांडणीचा प्रश्न त्यांनीच चांगला सोडवला. त्यांनी आधी हजार, लाख, कोटी अशा आपल्या पद्धतीने स्वल्पविराम घालून दाखवले होते. मला तीन-तीन अंकांचे गट हवे होते, त्याचे कारण पुढे येईलच. असे गट तेरा होतात आणि तेरा ही स्वतः मूळ संख्या असल्यामुळे त्यांच्या समान ओळी पाडता येत नाहीत. मी एकाच लांब ओळीचा विचार करत होते. मालकांनी चार, पाच, चार अशी मांडणी सुचवली, ज्यात मधली ओळ रुंद राहते आणि पाटीला तोल येतो. देवनागरी अंकांच्या वळणाबाबतही ते दक्ष होते. कोरताना ९ ची गाठ लहान झाली तर तो १ सारखा दिसतो, असे त्यांनी आपणहून सांगितले. या संख्येत १ हा अंक आठ वेळा येतो आणि ९ केवळ एकदाच, दुसऱ्या ओळीच्या पहिल्या गटात. त्या एका ९ साठी त्यांनी अक्षरवळण बदलून घेतले. अशी दृष्टी असलेला कारागीर आज सहज भेटत नाही.

चूक झाली ती संगणकावर. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये मी पाठवलेला मजकूर जसाच्या तसा उतरत नव्हता, म्हणून त्या तरुणाने एकोणचाळीस अंक हाताने टंकले. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ आले. मी नवाचा ताळा पाहिला. सर्व अंकांची बेरीज १५४ असायला हवी, तशी ती आली. १५४ ला नवाने भागल्यावर बाकी १ उरते, तेही बरोबर होते. २ च्या घातांना नवाने भागले की बाक्या २, ४, ८, ७, ५, १ अशा सहा-सहाच्या फेऱ्यांत येतात, १२७ ला सहाने भागून १ उरतो, म्हणजे बाकी २ आणि त्यातून १ गेला की १. मी होकार कळवला. ही घाई माझी होती आणि ती मला अजून सलते, कारण नवाचा ताळा काय पकडतो आणि काय पकडत नाही, हे मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवले आहे.

आठ दिवसांची मुदत होती, पाटी अकराव्या दिवशी मिळाली. घरी आणून ती टेबलावर उभी केली आणि निवांतपणे १००१ चा ताळा करायला बसले. तीन-तीनचे गट हवे होते ते यासाठीच. १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. १००० ला १००१ ने भागले की एक कमी पडतो, म्हणून उजवीकडून पहिला गट मिळवायचा, दुसरा वजा करायचा, तिसरा मिळवायचा, असे करत गेले की दिलेल्या संख्येची १००१ ने भागल्यावरची बाकी हाती येते आणि एकाच आकडेमोडीत ७, ११ आणि १३ या तिन्ही संख्यांची कसोटी लागते. बरोबर संख्येत मिळवायच्या गटांची बेरीज ३४६७ होते, वजा करायच्या गटांची २३३९. फरक ११२८, त्यातून १००१ गेले की उरतात १२७.

ही बाकी १२७ यावी, यात मला नेहमीच आनंद वाटतो. ज्या घातांकाने संख्या घडली, तोच बाकी म्हणून समोर येतो. आणि हा योगायोग नाही. २ च्या घातांना १००१ ने भागल्यावरच्या बाक्या दर साठ घातांनी पुन्हा त्याच येतात. १२७ म्हणजे साठ, साठ आणि सात. म्हणून १२७ व्या घाताची बाकी ७ व्या घाताइतकीच, १२८, आणि त्यातून १ वजा केला की १२७.

त्या संध्याकाळी मात्र माझी बाकी ९१ आली. मी आकडेमोड पुन्हा केली, पुन्हा ९१. मग गटागटाने वाचत गेले तेव्हा तिसऱ्या ओळीचा पहिला गट ७१५ ऐवजी ७५१ कोरलेला दिसला. टंकताना १ आणि ५ यांची अदलाबदल झाली होती. अंक तेच असल्यामुळे बेरीज १५४ च राहिली आणि नवाच्या ताळ्याला काहीच कळले नाही. या संख्येत शेजारच्या दोन अंकांच्या अदलाबदलीने संख्या बदलेल अशा छत्तीस जागा आहेत. नवाचा ताळा त्यांतील एकही चूक पकडत नाही, तर अकराचा ताळा, म्हणजे एकाआड एक अंकांच्या बेरजांमधला फरक, छत्तीसच्या छत्तीस पकडतो. बरोबर संख्येत या बेरजा ८० आणि ७४ आहेत आणि फरक ६. चुकलेल्या पाटीवर त्या ८४ आणि ७० झाल्या होत्या.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली आणि मी काही वेळ पाटीकडे पाहतच राहिले. ९१ म्हणजे ७ गुणिले १३. म्हणजे चुकून कोरली गेलेली ती संख्या ७ ने विभाज्य होती आणि १३ नेही. जिच्या मूळ असण्यासाठी ल्यूका यांनी एवढे श्रम केले, तिचे दोन शेजारचे अंक उलटताच पाचवीच्या मुलालाही जिचे अवयव सापडतील अशी संयुक्त संख्या तयार झाली होती. शब्दात असे होत नाही. नावात एखादी वेलांटी चुकली तरी वाचणारा माणूस अर्थाच्या आधाराने ती सावरून घेतो, पण अंकांच्या रांगेत डोळ्याला आधार मिळत नाही. तेथे अंकांचे परस्परांशी असलेले नातेच उपयोगी पडते.

दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन दुकानात गेले. प्रूफला होकार मीच दिला होता, त्यामुळे दुसऱ्या पाटीचे पैसे देण्याची माझी तयारी होती. मालकांनी कागद आणि पाटी शेजारी ठेवून बोटाने एकेक अंक वाचला आणि म्हणाले, "कागदावर बरोबर आहे, पाटीवर चूक आहे, म्हणजे चूक आमची. तुम्ही पाहिले म्हणून ती तुमची होत नाही." त्यांनी नवीन पाटी विनामूल्य करून दिली. तो तरुण अवघडला होता. त्याला मी अकराचा ताळा शिकवला आणि दुसरे प्रूफ त्याने स्वतः तपासून, ८० आणि ७४ हे दोन आकडे कोपऱ्यात लिहून मला पाठवले. या वेळी मी १००१ बरोबर १०१ चाही ताळा पाहिला, कारण सहा-सहा अंकांच्या अंतरावरचे दोन गट आपसांत बदलले गेले तर १००१ ला ते कळत नाही. १०१ साठी दोन-दोन अंकांचे गट करून आलटून पालटून मिळवायचे आणि वजा करायचे. बाकी ३९ आली, आणि तशीच ती यायला हवी. संख्येतील अंकही एकोणचाळीसच आहेत. हा मात्र निव्वळ योगायोग आहे आणि वर्गात १२७ च्या बाकीशेजारी हा ३९ ठेवून कारण असलेले साम्य आणि कारण नसलेले साम्य यांतला भेद चांगला समजावता येईल.

कामाच्या दर्जाबद्दल थोडक्यात सांगते. पत्रा जाड आहे आणि हाताने वाकत नाही. कोरणी खोल आहे आणि खाचांतला काळा रंग काठाबाहेर आलेला नाही, फक्त शेवटच्या ओळीतील दोन जोड ८ पैकी दुसऱ्याच्या वळणात तो किंचित जाड बसला आहे, जो दोन हातांच्या अंतरावरून दिसत नाही. चार कोपऱ्यांना पितळी टोप्यांचे स्क्रू दिले आहेत. संख्येखाली लहान अक्षरांत "२ चा १२७ वा घात वजा १, मूळ संख्या, ल्यूका, १८७६" अशी ओळ आहे. एकूण खर्च ३,८०० रुपये आला, जो मला वाजवी वाटला. वेळेच्या बाबतीत मात्र दुकान सैल आहे. आठ दिवस सांगितले होते आणि दुसरी पाटी धरून एकोणीस दिवस लागले, शिवाय दोन वेळा ठरलेल्या दिवशी जाऊन हात हलवत परत यावे लागले. बोळात गाडी लावायला जागा नाही. मंडई मेट्रो स्थानकावर उतरून चालत जाणे सोयीचे. दुपारी दुकान बंद असते, तेव्हा सकाळीच जावे.

अंकांचे काम देणाऱ्यांना, मग तो फोन क्रमांक असो, सर्व्हे क्रमांक असो किंवा एखाद्या विश्वस्त संस्थेचा नोंदणी क्रमांक असो, माझे एवढेच सांगणे आहे की, अंक गट पाडून लिहून द्यावेत, प्रूफ उलट्या दिशेने एकदा वाचावे आणि एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा आपल्या कागदावर आधीच करून ठेवाव्यात. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

चुकलेली पाटी मालक मोडीत काढणार होते. मी ती मोडीच्या भावाने मागितली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण ती पुन्हा पॉलिश करून दिली. आता गणित कक्षात दोन्ही पाट्या शेजारी-शेजारी आहेत. चुकलेल्या पाटीवरची खालची ओळ काळ्या रंगाने झाकली आहे आणि बरोबर पाटीवरच्या ओळीवर सध्या कागदाची पट्टी चिकटवली आहे. दोन्हींच्या मध्ये खडूने एकच प्रश्न लिहिला आहे: यांतील एक संख्या १८७६ पासून मूळ म्हणून ओळखली जाते आणि दुसरीला ७ ने भाग जातो, तर कोणती कोणती?